सात हात कमी

फार मागची गोष्ट आहे. वाघजाळीच्या घाटात तेव्हा गाडीवाट नव्हती. एक पायवाट होती, आणि तीही एवढी अरुंद की समोरून दुसरं तट्टू आलं तर एकाला मागे फिरावं लागे. घाटमाथ्यावर पागेवाडी नावाचं गाव होतं आणि गावाची अकरा तट्टं होती. मिरची आणि ज्वारी घेऊन ती कोकणात उतरत, मीठ आणि नारळ घेऊन वर येत. त्या अकरा तट्टांवर अख्खं गाव जेवायचं, आणि त्या तट्टांना जेवू घालायची ठकूबाई.

तिचा नवरा पागेचा मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. तो गेला आणि काम तिच्याकडे आलं. ती मूळची कुठली, तिचं माहेर कोणतं, हे आज कोणालाच सांगता येत नाही. मी पुष्कळांना विचारून पाहिलं. पण ती काय काय वाचवायची, ते मात्र तिथल्या पोराटोरांनाही पाठ आहे.

वैरण जमिनीवर टाकली तर तट्टू निम्मी खातं आणि निम्मी तुडवतं. म्हणून तिने जुन्या दाव्यांची जाळी विणली आणि वैरण तट्टांच्या तोंडासमोर टांगली. खाली अंथरलेला पाचोळा ओला झाला की उन्हात वाळवून ती तोच पुन्हा पसरायची. खरारा करायला, म्हणजे अंग घासायला, नारळाचं काथ्याळ सोडण, कारण नारळ कोकणातून येतच होते. खुरांना करंजाचं तेल, कारण करंज वाटेवर फुकट पडलेले असत. थंडीसाठी तिने फाटक्या गोणपाटांच्या झुली शिवल्या. एका झुलीवर इतकी ठिगळं चढली की मूळ गोणपाट कुठलं, ते तिलाही सापडेना, असं म्हणतात.

पण ती कंजूष होती असं कोणी म्हणालं तर गावात आजही भांडण होईल. नालबंद आला की त्याला पूर्ण मजुरी आणि वर पोटभर जेवण. तो जुनीच नाल पुन्हा ठोकू लागला तर ती त्याचा हात धरायची. "झूल फाटकी चालंल बाबा, नाल न्हाई," म्हणायची.

आणि मग केस. बाईने डोकं विंचरलं की कंगव्यात गुंतावळ निघते. घराघरातल्या बायका ती वेटोळं करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. केसांच्या बदल्यात सुया आणि पिना देणारा फेरीवाला आला की त्याला देत. ठकूबाईने हाच नियम तट्टांना लावला. खरारा करताना शेपटीचा आणि आयाळीचा जो केस निघेल तो ती ठेवायची. फेरीवाला तट्टाचे केस घेईना, तेव्हा दुपारी बसून ती त्यांचा दोर वळू लागली. कशासाठी? ते तिलाही ठाऊक नसावं. टाकवत नव्हतं, एवढंच. असं तिने तीस वर्षं केलं. पागेच्या मागच्या कोपऱ्यात मनगटाएवढ्या जाड दोराचं भेंडोळं छताला टेकलं.

तट्टांच्या तांड्याचा प्रमुख होता हैबती नाईक. माणूस वाईट नव्हता, पण त्याला थाटाची हौस. तट्टांना लाल गोंडे हवेत, पितळी घुंगरं हवीत. कोकणातले व्यापारी आपली पागा बघायला येणार, हे कळल्यावर त्याने ते भेंडोळं पाहिलं आणि नाक मुरडलं.

"ठकूबाई, ही पागा हाय का उकिरडा?"

"उकिरड्यात काय टाकायचं ते मला कळतंया, नाईक. ह्ये टाकायचं न्हाई."

"दसऱ्याच्या आत ह्यो केर हलला पायजे. न्हाईतर पागेला मी दुसरं माणूस बघतो."

ठकूबाईला पागेशिवाय जागा नव्हती. कवडी नावाची म्हातारी करडी घोडी तिने जन्मल्यापासून वाढवली होती, तिला सोडून ती कुठे जाणार? पण दोरही टाकवेना. ती वळत राहिली.

भाद्रपद सरत आला होता. पाऊस अजून हटलेला नव्हता, पण दसऱ्याच्या बाजाराआधी मीठ आणायचं म्हणून नाईक तीन गड्यांना घेऊन घाट उतरला. परत येताना, माथा दीडशे हातांवर राहिला असताना, तांड्याच्या पुढची वाट खचली. मागे वळावं तर मागचीही गेली. चार माणसं आणि अकरा तट्टं कड्यातून पुढे आलेल्या दगडांच्या एका फळीवर अडकली, आणि त्या फळीचे दगडही एकेक करून सुटू लागले.

सकाळी हाका वर ऐकू आल्या आणि गाव कड्यावर धावलं. विहिरींवरच्या मोटेचे नाडे, म्हणजे जाड दोर, आणले, एकाला एक जोडले. आधी धोंडा बांधून पाहिला, तर पावसात कुजलेला नाडा मध्येच तुटला. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा ठकूबाई म्हणाली, "पागेतला केर आना."

सोळा माणसांनी तो दोर खांद्यावर वाहून आणला. कड्यावर उंबराचं झाड होतं. तिने त्याच्या बुंध्याला करंजाचं तेल चोपडलं, म्हणजे दोर घासून तुटणार नाही. टोकाला ठिगळांच्या दोन झुली बांधल्या, तट्टांच्या पोटाखालून घ्यायला. दोर खाली सुटला, सुटत राहिला, आणि थांबला. सात हात कमी पडला.

खाली नाईक टाचा उंचावून उभा होता, त्याचा हात पोचेना. तेवढ्यात आणखी एक दगड सुटला आणि कवडीचा मागचा पाय घसरला. ते वरून ठकूबाईने पाहिलं. ती गर्रकन बायकांकडे वळली आणि ओरडली, "अगं बघताय काय? भिंतीतलं आना!"

बायका धावल्या. फटीफटीतून गुंतावळ निघाली. काळी, पांढरी, कोणाची बाळंतपणात गळलेली, कोणा मेलेल्या सासूची, जी सुनेने कधी विकली नव्हती. ठकूबाईच्या हाताखाली बसून सगळ्यांनी ती वळली. त्या दिवशी पागेवाडीच्या एकाही भिंतीत केस उरला नाही, असं म्हणतात.

सात हात पुरे झाले. दोर पोचला.

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तट्टू पाय सुटले की हवेत लाथा झाडतं, हे कोणीही सांगेल. पण दोर जवळ येताच प्रत्येक तट्टाने तो हुंगला आणि ते शांत झालं. त्या दोरात त्यांच्या आयांचे आणि आज्यांचे केस होते. पाळण्यातल्या लेकरासारखी ती एकामागून एक वर आली, असं म्हणतात. मग तीन गडी आले. सगळ्यांना झुली बांधून देणारा नाईक शेवटी राहिला. त्याचे पाय सुटले आणि फळी खाली गेली.

वर येताच तो ठकूबाईकडे गेला. ती कवडीचा खूर हातात धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर खुरावर होती.

"ठकूबाई..." नाईक तिच्याजवळ खाली बसला.

"नाईक, मागल्या डाव्या पायाची नाल सैल झालीया. नालबंदाला सांगावा धाडा."

नाईक उठला आणि दोराचं पुढचं टोक त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, बाकीचा दोर मागे गड्यांनी उचलला. "कुठं ठिवू?"

"व्हतं तितंच."

पुढे ठकूबाई पुष्कळ वर्षं जगली आणि पागेतच गेली. त्या दिवशी एकाही तट्टाने चाऱ्याला तोंड लावलं नाही, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आधी कालची उरलेली वैरण संपवली, मगच नवीन खाल्ली.

आता घाटात डांबरी रस्ता आहे. पागेवाडीत दोनच घोडे उरलेत, तेही वरातीचे. पण भाद्रपदाच्या शेवटच्या दिवशी त्यांना नारळाच्या सोडणाने खरारा होतो आणि निघालेला केस जमिनीवर पडू देत नाहीत. बायका वर्षभराची गुंतावळ घेऊन पागेत येतात. फेरीवाल्याला या गावात केस मिळत नाही, तो वेशीवरूनच परत जातो. सगळ्याजणी बसून वळतात आणि जुन्या दोराला नवा तुकडा जोडतात.

त्या दोराची लांबी किती भरते, याचं मला फार कुतूहल होतं. मी कड्यावर जाऊन खाली दगडही टाकून पाहिला. मग वळत बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, एवढ्या वर्षांत दोर केवढा झाला असेल हो?"

तिने मान वर केली नाही.

"त्यो मोजत न्हाईत," ती म्हणाली. "आजून सात हात कमी हाय."