मोहरीएवढी पाकोळी

कॅमेरे पाखरांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका प्रचंड धबधब्यासमोर एक म्हातारा कॅमेरा तीन दिवस उभा होता. पण शेजारी मापाला काहीच नसल्याने फोटोत धबधबा आपला पन्हळीच्या धारेएवढाच दिसे.

चौथ्या दिवशी पाकोळी नावाचं एक पाखरू घशात घास भरून पाण्याच्या दिशेने चाललं होतं. तिची पिल्लं धबधब्यामागच्या कपारीत होती. कॅमेऱ्याने फोटो टिपला आणि तो शहारलाच.

"अगं ए, बघ तरी!"

पाकोळी शेजारच्या कातळाला बिलगली. फोटोत आभाळापासून दरीपर्यंत पाणीच पाणी कोसळत होतं आणि मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका होता.

"हा ठिपका कसला?"

"तू."

पाकोळी गारठली. रोज दहादा ती त्या पाण्यातून घरी जायची, पण ते एवढं अफाट आहे हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता तिचे पंख उघडेनात.

"चुकलंच माझं," कॅमेरा ओशाळून म्हणाला. "धबधब्याचं मोठेपण दाखवायला गेलो आणि तुला घाबरवून बसलो."

इतक्यात त्या गर्जनेतून भुकेल्या पिल्लांचा बारीक चिवचिवाट आला. पाकोळीने पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"ह्या ठिपक्याचं तोंड कुणीकडे आहे रे?"

"धबधब्याकडे."

"मग झालं तर!" म्हणत ती उडाली आणि थेट पाण्यात शिरली.

कॅमेऱ्याने पुन्हा फोटो टिपला. त्यात ठिपका नव्हता, नुसतं पाणी होतं. पण आतला चिवचिवाट थांबला होता.