पांढरी पडलेली अंगठी

देवळाच्या कळसावर पाऱ्याने सोन्याचा मुलामा चढवायचा होता; पाऱ्यात कालवलेलं सोनं लावून कळस भट्टीवर तापवला की पारा उडून जातो आणि सोनं राहतं. सोनं चोरीला जाईल म्हणून कारभारी त्र्यंबकपंतांनी कारखान्याच्या खिडक्या बंद करवल्या.

म्हातारी कारागीर येसाबाई मात्र सगळ्यांना सांगत सुटली, "खिडक्या उघडा, वाऱ्याकडे पाठ करून बसा. पाऱ्याची वाफ अंगात भिनली की हात थरथर कापायला लागतात."

"वाफ भट्टीपुरती असते. उगीच माणसं बिथरवू नकोस," पंत गुरकावले.

येसाबाईने त्यांची सोन्याची अंगठी मागून घेतली आणि भट्टीपासून लांब, दाराजवळच्या खुंटीला टांगली. संध्याकाळी अंगठी पाऱ्याने पांढरी पडली होती.

"आता हिचं काय करायचं?" पंतांचा आवाज उतरला.

"ती विस्तवात धरली की पारा उडून जाईल. या माणसांच्या अंगातला कसा उडवू, तेवढं सांगा."

पंत स्वतः उठले आणि त्यांनी खिडकीचा अडसर काढला.