प्राचार्यांची नम्र मेल

प्राचार्य धारणकरांचा कॉलेजात दरारा असा, की त्यांची मेल आली की लोक हातातला चहा खाली ठेवून उत्तर द्यायचे. एका सकाळी त्यांच्या नावाने मेल आली: 'कृपया खालच्या लिंकवर आपला पासवर्ड तातडीने भरावा. तसदीबद्दल क्षमस्व.' सगळ्यांनी धडाधड पासवर्ड भरले. मेल निघाली भामट्याची! प्रश्नपत्रिका तेवढ्या बचावल्या, कारण त्या सांभाळणाऱ्या तेंडोलकरबाईंनी लिंकला हातच लावला नव्हता.

प्राचार्यांनी सगळ्यांना सभागृहात उभं केलं. "अक्कल गहाण टाकलीत का? बाई, सांगा यांना, खोटी मेल कशी ओळखलीत ते!"

"सोपं होतं, सर," बाई म्हणाल्या. "तिच्यात 'कृपया' होतं, वर 'क्षमस्व'ही होतं. म्हटलं, हे आपले सर नव्हेत."

सभागृहात खोकल्याची साथच आली.

प्राचार्यांना ते चांगलंच लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मेल लिहिली: 'कृपया सर्वांनी आपले पासवर्ड बदलावेत.'

एकानेही बदलला नाही. उलट दिवसभर त्यांनाच फोन येत राहिले, "सर, सांभाळा, तुमच्या नावाने पुन्हा खोटी मेल फिरतेय!"