रुंद झालेला काठ

मुलांनो, पाऊस वर्षातून जेमतेम एकदा डोकावतो अशा एका रखरखीत माळावर पखुर्डी जातीचा एक पक्षी राहत होता. रंगाने मातकट, आकाराने कबुतराएवढा. त्याची तीन पिल्ले खडकाच्या आडोशाला असत. त्यांना अजून उडता येत नव्हते आणि जवळपास पाण्याचा टिपूस नव्हता. पण पखुर्डीच्या बापांची एक रीत असते. हा रोज सकाळी दूरच्या एकुलत्या एका तळ्यावर जाई, पाण्यात छाती टेकवून बसे, पिसे चिंब भिजली की तसाच उडत घरी येई. पिल्ले त्याच्या पोटाखाली शिरून ओल्या पिसांतले पाणी चोखत. त्या पाण्यावरच त्यांचा जीव होता.

तळ्यावरच्या गर्दीचे मात्र काही विचारू नका. दर वर्षी नवी पिल्ले मोठी होत, मग त्यांना पिल्ले होत आणि सगळ्यांचे बाप त्याच काठावर. नुसती धक्काबुक्की. "आपण नेतो तरी किती? छातीभर तर पाणी," असे जो तो म्हणे. मग त्या वर्षी नवलच झाले. काठ रुंद होऊ लागला. आधी वीतभर, मग हातभर, आणि सगळे ऐसपैस बसू लागले. आपल्या या पक्ष्याला तर कोण आनंद झाला. "आता कसं मोकळं वाटतंय," तो म्हणाला. "पलीकडच्या माळावरच्या भावकीलाही बोलावून घेऊ. चार थवे सहज मावतील."

तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाने मान वर काढली. "अरे बाळा, काठ वाढत नाहीये, पाणी मागे सरतंय. यंदा कुणाला बोलावू नका, आणि अंडीही कमी घाला."

पक्ष्याला ते झोंबले. "आजोबा, आमची भरली घरं तुम्हाला बघवत नाहीत का?" असे म्हणून त्याने तोंड फिरवले. भावकी आली, तिनेही अंडी घातली.

आणि एके सकाळी तो तळ्यावर उतरला तो जागीच थिजला. जिकडे पाहावे तिकडे काठच होता. इकडून काठ, तिकडून काठ, मधे पाणी नाही. त्याने घाबऱ्याघाबऱ्या भेगाळलेल्या चिखलावर छाती घासली. पिसांना धूळ लागली. भोवती शेकडो बाप तसेच चिखलावर छाती घासत होते.

"आजोबा, काल होतं हो थोडं. कुठं गेलं?" त्याने विचारले.

"तुम्हीच नेलंत," चिखलात रुतलेले कासव म्हणाले. "रोज छातीछातीभर."

तो तसाच घरी परतला. पंखांचा आवाज ऐकताच तिन्ही पिल्ले धावत त्याच्या पोटाखाली शिरली आणि पिसांत चोची खुपसून चोखू लागली. बऱ्याच वेळाने धाकटे बाहेर आले. "बाबा," ते म्हणाले, "आज तू पाण्यात बसायला विसरलास का?"



तात्पर्य : पिणारे वाढू लागले की काठावर जागा किती आहे हे पाहू नये, तळ्यात पाणी किती उरले आहे ते पाहावे.