फाटकाबाहेरचा ठेका

खांडकेशेठनी हर्षला हावळेचा रविवार विकत घेतला आणि तिला ते सोमवारी कळवलं!

हर्षला इचलकरंजीची डीजे. एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये दर रविवारी संध्याकाळी ती स्वतः बांधलेले ठेके वाजवायची. सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधल्या बायकांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे तिथे घाम निघेस्तोवर नाचायचे. शेठच्या ‘महाठेका’ कंपनीनं कोल्हापूर ते बेळगाव सगळे डीजे, हॉल आणि गाण्यांचे हक्क गिळले होते. आता सगळीकडे एकच पेनड्राइव्ह वाजायचा. उरली होती ती शेड, तीही गेली.

हर्षला तडक शेठच्या ऑफिसात गेली आणि रविवार परत मागितला. शेठ तसे वाईट नव्हते, पण नकार ऐकायची सवय मोडली होती. चार मॅनेजरांसमोर त्यांना गंमत सुचली.

“शनिवारी माझं फेस्टिव्हल हाय. त्याच दिवशी शंभर माणसं नाचवून दाव. जागा माझी नको, स्पीकर माझा नको, गाणं माझं नको. जमलं तर शेड तुझी. न्हाई जमलं तर पाच वर्षं माझा पेनड्राइव्ह लावायचा.”

“आणि कुणाला बोलवायचंही नाही,” एका मॅनेजरनं शेपूट जोडलं.

गावातला प्रत्येक हॉल आणि प्रत्येक स्पीकर त्या दिवसासाठी शेठनी आधीच धरून ठेवला होता. तरी हर्षला हो म्हणाली.

शनिवारी दुपारी ती रिकाम्या हातानं फेस्टिव्हलच्या फाटकावर आली. रांगेसाठी ठेवलेल्या जागेत शेठनी जास्तीची तिकिटं काढून बड्या पाहुण्यांसाठी ‘राजमंच’ उभारला होता. त्यामुळे रांग आली सरकारी रस्त्यावर! पोलिसांनी लोखंडी कठडे लावून तिच्या सात घड्या घातल्या होत्या. दोन तास शेकडो माणसं उन्हात उभी होती. पाण्याच्या बाटल्या आत नेता येणार नव्हत्या, म्हणून जो तो घटाघट पिऊन त्या रिकाम्या करत होता.

सात घड्या पाहून हर्षलाला आपला मिक्सर दिसला. त्यावरही आवाज वर-खाली करायच्या सातच पट्ट्या होत्या.

ती कठड्यावर चढली. पहिल्या घडीला तिनं स्टीलच्या बाटल्या वाजवायला लावल्या, दुसरीला टाळ्या, तिसरीला किल्ल्यांचे जुडगे. चौथीपासून सातवीपर्यंत फक्त पाय आपटायला सांगितले. कंटाळलेली माणसं काहीही करायला तयार होती. ती एक हात उचलायची, एक घडी जागी व्हायची. हात दाबला की गप्प. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि तिनं एकदम सगळं थांबवलं. अख्खा रस्ता श्वास रोखून उभा राहिला. मग तिचे दोन्ही हात खाली आले आणि सातही घड्या एकदम उसळून नाचू लागल्या.

तेवढ्यात फाटक उघडलं. आत कुणीच जाईना! आत परदेशी पाहुणा डीजे रिकाम्या मैदानाकडे बघत उभा होता. शेठ धावत बाहेर आले. पाहतात तो झडती घेणारे त्यांचेच गडी नाचत होते.

“ही रांग माझी हाय!” शेठ ओरडले. “माणसं माझी, तिकिटं माझी. तू हरलीस.”

हर्षलानं शेजारच्या बाईंचं तिकीट मागून घेतलं, उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. “फाटकाबाहेर जे काही घडेल, त्याच्याशी कंपनीचा कोणताही संबंध राहणार नाही.” तिनं तिकीट शेठसमोर धरलं. “खाली सही तुमचीच आहे, शेठ. आता संबंध आहे म्हणता, तर या सगळ्यांना दोन तास उन्हात कुणी उभं केलं, तेही सांगा.”

रांग शेठकडे बघू लागली. शेठनी ती बारीक अक्षरं स्वतः वाचली. मग त्यांचं पोट हललं आणि ते असे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

“घे बाई, शेड तुझी, रविवार तुझा!” म्हणत त्यांनी खिशातून शेडची किल्ली काढून दिली. तेवढ्यानं भागेना, म्हणून गळ्यातला सगळी दारं उघडणारा सोनेरी पास काढून तिच्या गळ्यात घातला.

हसत हसतच ते आत निघाले. दारावरच्या गड्यानं आडवा हात घातला.

“पास?”

शेठनी मोकळा गळा चाचपला. गड्यानं अदबीनं सातव्या घडीचं शेवटचं टोक दाखवलं.