करवंदीच्या जाळीतला तानू

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वेणूच्या लक्षात आलं, तानू कुठेच दिसत नाही!

वेणूला बाबा नव्हते. आई चिऱ्याच्या खाणीत दगड वाहायला जायची, आणि आठ वर्षांची वेणू दोन वर्षांच्या भावाला सांभाळायची. मोळी बांधायला ती जरा वाकली काय, तेवढ्यात पिल्लू पसार!

"तानूऽऽ!"

मोकळ्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, नुसता वारा. पलीकडे खोल कडा. 

रडत धावताना पायाशी टिटवीची चार ठिपकेदार अंडी आली. एवढ्या घाईतही ती थबकली. कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती खडे मांडले, मगच वळसा घालून निघाली.

तोच गवत लखलखलं! तुऱ्यावर बोटाएवढी परी उभी होती. दवाचे पंख, अबोली रंगाचा इवला झगा.

"गुणाची गं माझी! भावाला शोधायला घार हवी की सरडा? एकच सोबती मिळेल, तोही एकदाच. आणि एकाला निवडताना दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत हं, नाहीतर दोघंही जातील!"

वर घार पिंगट पंख पसरून तरंगत होती. खाली दगडावर सरड्याने गळ्याचा पंखा उघडला. निळा, काळा, केशरी!

'ई!' अगदी ओठांवर आलं. वेणूने ते गिळलं.

"घारताई, तुझी नजर केवढी लांबची! पण आमचा तानू करवंदांचा हावरट. तो जाळीखाली दडला, तर वरून कसा दिसेल? मला सरडोबा दे. घारताई, रागावू नको हं."

घारीने खुशीत शीळ घातली. सरडा तुरुतुरु निघाला. तिसऱ्या जाळीत काट्यांना झबलं अडकलेलं, तोंड जांभळं, आणि स्वारी गाढ झोपलेली!

हाका ऐकून आई जवळच्या खाणीतून धावत आली. लेकराशेजारी सरडा बघून तिने दगडच उचलला. "मेला रक्त पितो गो!"

"आई, नको गं! यानेच तानू दाखवला!"

आईने दगड खाली टाकला. दोन्ही पोरांना पोटाशी धरून ती सरड्याला म्हणाली, "बाबा रे, तुझे उपकार कसे फेडू?"

"दगड खाली टाकलास, तेव्हाच फेडलेस की!" परी खुदकन हसली, आणि उजेडात उजेड होऊन विरघळली.

तेव्हापासून त्यांच्या दारची करवंदी बारा महिने लगडते. आई आता खाणीत जात नाही. पोरांजवळ बसून करवंदं विकते.

बायांनो, सरड्यावर कुणी दगड उचलला, तर त्याला ही गोष्ट सांगा. आणि म्हणावं, तूही पुढे सांग.