माग कुणामुळं थांबले?

आमच्या इचलकरंजीतली गोष्ट आहे, सावकाश ऐका. चौगुले मालकांनी आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यात कंप्युटर बसवला. माग थांबला की पडद्यावर लाल दिसायचं. पहिल्याच सकाळी मालकांनी सगळ्यांना अंगणात जमवून त्याचे गुण सांगितले आणि दम भरला, "ज्याच्यामुळं माग जास्त थांबेल, तो घरी!"

संध्याकाळी दस्तगीर विणकराला बोलावणं आलं. बिचारा तुटलेले धागे जोडत होता, म्हणून त्याचा माग थांबलेला.

"उद्यापासून येऊ नकोस. कंप्युटर खोटं बोलत नाही."

"खरं हाय, मालक," दस्तगीर शांतपणे म्हणाला. "मग सकाळी सगळेच माग एकदम लाल दिसत्यात, ते कुणामुळं?"

मालकांनी पडदा निरखला. ती त्यांच्याच भाषणाची वेळ होती. ते खो खो हसले.

"जा बाबा, तू माग चालू कर. मी भाषण बंद करतो."